बाई, हा मासा उजनीत सोडू का?

मुलांनो, गेल्या महिन्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीत मी पाचवीच्या वह्या तपासत बसले होते. डबा खायचा सोडून एक मुलगा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. त्याचं नाव सांगत नाही, नाहीतर वर्गातली बाकीची मंडळी त्याला चिडवून हैराण करतील. बराच वेळ तो नुसताच उभा. शेवटी मीच म्हटलं, "काय रे?" तर म्हणाला, "बाई, उजनीचं पाणी माशाला चालतं का?"

मला हसूच आलं. उजनी धरणाचा फुगवटा आमच्यापासून फार लांब नाही. तिथलं पाणी माशाला चालत नसतं, तर भिगवणच्या बाजारात रोज मासळी येते ती कुठून? पण तो हसला नाही. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बाबांनी हौसेने फिशटँक आणला, दोन फुटी. दुकानदाराने त्यात एक ऑस्कर मासा दिला. तेव्हा तो बोटाएवढा होता. आता वीतभर झालाय. वळताना शेपटी काचेला घासते. पाणी बदललं की दोन दिवसांत पुन्हा गढूळ. आई म्हणते, आता ही पेटी घरात नको. आणि बाबा म्हणाले, येत्या रविवारी त्याला उजनीत सोडून येऊ, बिचारा मोकळ्या पाण्यात सुखात राहील.

"राहील ना, बाई?"

खरं सांगू, मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. "उद्या सांगते," म्हटलं. उत्तर मला माहीत होतं, पण ते नुसतं "नाही" असं देऊन भागलं नसतं. तुम्हालाही ते नीट सांगायचं, तर आधी या ऑस्करच्या घराण्याची ओळख करून घ्यायला हवी.

ऑस्कर हा सिक्लिड कुळातला मासा. या शब्दाची दुकानांमधून फार गंमत होते. कुणी 'चिकलिड' म्हणतं, कुणी 'चिचलीड', आणि आमच्याकडचे एक काका तर सरळ 'चिकलेट' म्हणतात! हे कुळ चांगलंच मोठं आहे. आजवर सतराशेहून अधिक जातींची शास्त्रीय नोंद झाली आहे आणि त्यात भर पडतेच आहे. बहुतेक जाती आफ्रिकेतल्या आणि मध्य व दक्षिण अमेरिकेतल्या. ऑस्कर ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. एंजल आणि डिस्कस हेसुद्धा तिकडचेच. आपल्याकडे, म्हणजे भारत आणि श्रीलंका मिळून, मूळच्या फक्त तीन जाती. त्यातली एक गोव्याच्या मुलांना पक्की ठाऊक असणार, कारण ती त्यांच्या ताटात असते. कालुंदर! हाच मासा केरळात करिमीन म्हणून प्रसिद्ध आहे, आणि २०१० साली तो केरळचा राज्यमासा झाला.

आणि आपल्या भिगवण-इंदापूरकडच्या मुलांनी तर सिक्लिड नक्कीच खाल्ला आहे. चिलापी! हो, चिलापीसुद्धा याच कुळातली. पण ती आपली नव्हे, पाहुणी. तिची गोष्ट पुढे येणार आहे, लक्षात ठेवा.

सिक्लिड ओळखायची एक खूण सांगते. बहुतेक माशांना नाकाच्या प्रत्येक बाजूला दोन-दोन छिद्रं असतात. सिक्लिडला एका बाजूला एकच. पुढच्या वेळी घरी चिलापी आली की आईने ती कापायला घेण्याआधी दोन मिनिटं मागून घ्या आणि बघा. जमलं तर शेजारी रोहू ठेवून बघा. दुसरी खूण अंगावरच्या रेघेची. माशाच्या कुशीवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ जाते, तिने माशाला पाण्यातली हालचाल कळते. सिक्लिडची ही रेघ बहुधा मध्येच तुटलेली असते. पुढचा तुकडा वर, मागचा तुकडा खाली. आणि तिसरी खूण तुम्हाला वरून दिसणार नाही. या माशांच्या घशात जबड्यांची आणखी एक जोडी असते! तोंडातला जबडा भक्ष्य पकडतो, घशातला ते भरडतो. कुणी शेवाळ खातं, कुणी गोगलगाय फोडतं, कुणी दुसऱ्या माशांचे खवलेच ओरबाडून खातं. एकाच तळ्यात इतक्या जाती नांदू शकल्या, त्यामागे या घशातल्या दातांचा मोठा हात आहे, असं शास्त्रज्ञ मानतात.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे ठीक आहे, पण लोक हे मासे पाळतात ते काही नाकाची छिद्रं मोजायला नाही. खरं आहे. गप्पी पाळा, टेट्रा पाळा; ते छान दिसतात, थव्याने फिरतात, तुमच्याकडे त्यांचं लक्ष नसतं. सिक्लिड मात्र तुमच्याकडे बघतो. त्या मुलाने मला सांगितलं, "बाबा खोलीत आले की तो वर येऊन तोंड उघडतो. पाहुणे आले की कोपऱ्यात जाऊन बसतो." हे त्याच्या मनाचे खेळ नव्हेत बरं का. ऑस्कर पाळणाऱ्या पुष्कळांचा हाच अनुभव असतो. हा मासा जागा अडवतो, भांडतो, तळाचे खडे तोंडाने उचलून आपल्या मनासारखे लावतो, तुम्ही हौसेने लावलेली झाडं उपटून टाकतो. आणि जोडी जमली की संसार थाटतो. थोडक्यात, त्याला स्वभाव आहे. ज्याला एकदा या स्वभावाची गोडी लागली, त्याला नुसते रंगीत मासे मग बेचव वाटतात.

त्यांच्या संसाराचं तर काय सांगावं! कोनराड लोरेंझ नावाचे एक ऑस्ट्रियन प्राणीशास्त्रज्ञ होते. १९७३ साली त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला. १९४९ च्या त्यांच्या एका पुस्तकात त्यांनी आपल्या ज्युएल फिशची हकिकत लिहिली आहे. हाही आफ्रिकेतला एक सिक्लिडच. संध्याकाळ झाली की आई खळग्यात पिल्लांना गोळा करते आणि बाप भटकी पिल्लं तोंडात धरून घरी आणतो. एकदा लोरेंझना खायला घालायला उशीर झाला. त्यांनी टँकमध्ये गांडुळाचे तुकडे टाकले. बाप भुकेलेला. त्याने एक तुकडा तोंडात घेतला, आणि तेवढ्यात समोरून एक चुकार पिल्लू चाललेलं दिसलं. झालं! त्याने तेही तोंडात घेतलं. आता एकाच तोंडात दोन गोष्टी. एक पोटात जायची, दुसरी घरी. बाप गालफुगी करून जागच्या जागी थांबला. चावेना, गिळेना. लोरेंझ श्वास रोखून बघत होते. मग त्याने काय केलं असेल? त्याने दोन्ही बाहेर थुंकलं. गांडूळ तळाशी, पिल्लूही तळाशी. मग पिल्लावर एक डोळा ठेवून त्याने सावकाश गांडूळ खाल्लं, आणि नंतर पिल्लू उचलून आईकडे पोचवलं. तिथे हजर असलेल्या विद्यार्थ्यांनी म्हणे टाळ्या वाजवल्या. मी ही गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा आमच्या पोरांनीही वाजवल्या.

काही जातींची आई तर अंडी घालून ती तोंडातच ठेवते. आफ्रिकेत मलावी नावाचं प्रचंड सरोवर आहे, जवळपास ५८० किलोमीटर लांब आणि ७०० मीटर खोल. तिथले बरेच सिक्लिड असं करतात. सुमारे तीन आठवडे आई तोंड मिटून! या काळात तिचा जवळजवळ उपासच असतो. पिल्लं फिरायला लागली तरी धोका दिसला की पुन्हा आईच्या तोंडात. ॲमेझॉनचा डिस्कस वेगळं करतो. आईबापाच्या अंगावर एक बुळबुळीत थर येतो आणि पहिले काही आठवडे पिल्लं तोच टिपून खातात. आईचं अंग टिपून झालं की बापाकडे. दूध नव्हे, पण दुधासारखंच म्हणा ना! आपल्याकडचा नारिंगी रंगाचा छोटा सिक्लिड, कालुंदरचा भाऊबंद, त्याचीही पिल्लं आईबापाच्या अंगावरचा असाच थर टिपतात.

इतकी माया म्हटल्यावर तिचा गैरफायदा घेणारा कुणीतरी असायचाच. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते ना? तसं टांगानिका सरोवरातला एक मिशाळ मासा करतो. सिक्लिड अंडी घालत असताना तो मध्ये घुसतो, काही अंडी खातो आणि आपली टाकतो. सिक्लिडची आई गडबडीत तीही तोंडात घेते. मिशाळ माशाची पिल्लं आधी बाहेर पडतात आणि तोंडातल्या तोंडात तिची खरी पिल्लं खाऊन टाकतात. वर्गात हे सांगितल्यावर दोन मुलींनी त्या माशाचं नाव 'कोकिळा मासा' ठेवलं. गंमत म्हणजे इंग्रजीतही त्याचं नाव त्याच अर्थाचं आहे.

आता थोडं फॅशनबद्दल. कपड्यांची फॅशन बदलते तशी माशांचीही बदलते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमच्या लहानपणी टँक म्हटला की एंजल. काळ्या पट्ट्यांचा, पतंगासारखा. माझ्या बाबांकडे सहा होते. त्यातल्या एका जोडीने एकदा झाडाच्या पानावर अंडी घातली, आणि आम्ही भावंडं शाळेतून धावत घरी आलो, तर सकाळची अंडी गायब. आईबापानेच खाल्ली होती! नवीन जोडी पहिल्या खेपेला असं करते म्हणे. आम्ही दोन दिवस एंजलशी कट्टी केली होती.

मग आले भारनियमनाचे दिवस. २००७ च्या सुमाराला आमच्याकडे रोज तासन्‌तास वीज नसायची. मी अकरावीत होते. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की पाण्यात हवा मिसळणं बंद. त्यात उन्हाळा. पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी राहतो, हे तुम्ही पुढे शिकाल. मी आणि माझा भाऊ पाळीपाळीने तांब्याने पाणी उचलून वरून धार सोडायचो. एका मे महिन्याच्या रात्री आम्ही दोघंही झोपलो. सकाळी सहापैकी पाच एंजल पालथे. बाबा काही बोलले नाहीत. आठवड्याने सहावा मासा त्यांनी मित्राला दिला आणि टँक माळ्यावर गेला. छोट्या गावांतून मोठे टँक कमी झाले त्यात त्या काळातल्या विजेचा वाटा फार मोठा आहे, असं माझं मत आहे. आज साठवलेल्या विजेवर चालणारे छोटे पंप मिळतात. तेव्हा आमच्या हाती तांब्याच होता.

त्याच सुमाराला शहरांत फ्लॉवरहॉर्नची लाट आली होती. कपाळावर भलंमोठं टेंगूळ, लालभडक अंग आणि कुशीवर काळ्या खुणा. हा मासा कुठल्याही नदीत किंवा तळ्यात सापडत नाही. मध्य अमेरिकेतल्या वेगवेगळ्या सिक्लिडचा संकर करून १९९० च्या दशकात मलेशियात तो तयार केला गेला. त्या काळ्या खुणांत चिनी शुभ अक्षरं वाचायची आणि टेंगूळ जितकं मोठं तितकी भरभराट मोठी, अशी समजूत. आपल्याकडे तीच समजूत वास्तूच्या नावाने आली. आमच्या नात्यातल्या एका काकांनी बऱ्याच पैशांना एक घेतला आणि ईशान्य कोपऱ्यात ठेवला. भरभराट झाली ती दुकानदाराची. मासा मात्र मोठा गमतीचा होता. काचेवर बोट ठेवलं की बोटामागून फिरायचा. त्याला दुसऱ्या कुणाशीच पटत नाही, म्हणून जन्मभर एकटा. लाट ओसरली तेव्हा मलेशिया-सिंगापुरात लोकांनी हे मासे तलावांत आणि नद्यांत सोडून दिले. टेंगूळवाल्या शुभ माशाची ही गत!

मधल्या काळात 'आफ्रिकन मिक्स' आले. म्हणजे मलावीतले निळे, पिवळे, जांभळे मासे एकत्र, नगावर विकायचे. युरोप-अमेरिकेत यांची लाट १९७० च्या दशकातच आली होती. समुद्रातल्या माशांसारखे रंग, पण पाणी मात्र गोडं, ही त्यांची मोठी ओढ. आपल्या दख्खनमध्ये त्यांचं बरं जमतं, कारण दुष्फेन पाणी त्यांना मानवतं. विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं आहे ना, ज्यात साबणाला फेस येत नाही ते? आमच्या बोअरचं पाणी तसंच. उलट डिस्कसला सुफेन, मऊ पाणी लागतं. बोअरच्या पाण्यात डिस्कस ठेवून तो का रुसला म्हणून दुकानदाराशी भांडणारे लोक मी पाहिले आहेत. आधी पाणी बघा, मग मासा निवडा, एवढं त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

आणि हल्ली? हल्ली घरं लहान झाली. टेबलावर मावेल असा छोटा टँक, त्यात हिरवीगार झाडं आणि बारीकसारीक मासे, हे आता जास्त दिसतं. झाडं उपटणाऱ्या धटिंगण सिक्लिडना तिथे जागा नाही. पण या कुळात छोटेही आहेत. एकाचं नाव आहे 'राम', इंचा-दोन इंचांचा, निळ्या ठिपक्यांचा. (आपला राम नव्हे! रामिरेझ नावाच्या माणसावरून पडलेलं नाव आहे.) टांगानिकातला एक तर रिकाम्या गोगलगायीच्या शंखातच राहतो, त्यातच अंडी घालतो आणि शंखाभोवतीची वाळू ढकलून आपलं अंगण करतो. मला निवडायला सांगितलं तर मी तो निवडीन.

बरं, आता त्या प्रश्नाकडे. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला काय सांगितलं?

आधी चिलापीची गोष्ट सांगितली. ही मूळची आफ्रिकेतली. १९५२ साली ती भारतात आणली गेली. हेतू चांगला होता: पटकन वाढणारा, कुठल्याही पाण्यात तगणारा मासा, लोकांना स्वस्तात खायला मिळेल. आता आपल्या रोहूशी तिची तुलना करा. रोहूची मादी लाखो अंडी घालते, पण तिला त्यासाठी पावसाळ्यातलं वाहतं, चढतं पाणी लागतं, आणि अंडी घातली की ती निघून जाते. चिलापी घालते काहीशेच. पण साचलेल्या डबक्यातही घालते, वर्षातून अनेकदा घालते, दोन-तीन महिन्यांची झाली की घालू लागते, आणि ती अंडी तोंडात सांभाळते. म्हणजे ज्या मायेसाठी आपण टाळ्या वाजवल्या, तीच माया तिचं बळ आहे. ती ज्या पाण्यात शिरली तिथे बहुधा तिचंच राज्य झालं. पुढे तज्ज्ञांनी तिच्या प्रसाराला विरोध केला, पण तोवर ती नद्या-तलावांत पोचली होती. उजनीत आज चिलापी किती आहे ते भिगवणच्या कुठल्याही मच्छीमार मावशीला विचारा. आणि जुन्या माणसांना भीमेत पूर्वी मिळणाऱ्या माशांची नावं विचारा. त्या नावांतली किती आज बाजारात दिसतात ते मोजा. सगळा दोष चिलापीचा नाही. धरणाने वाहतं पाणी अडलं, पाण्यात घाण वाढली. पण तिचाही आहेच.

मग व्हिक्टोरिया सरोवराची गोष्ट. तिथे सिक्लिडच्या सुमारे पाचशे जाती होत्या, जगात दुसरीकडे कुठेच नसलेल्या. १९५० च्या दशकात त्या सरोवरात नाईल पर्च नावाचा मोठा शिकारी मासा सोडला गेला. काही वर्षं फारसं जाणवलं नाही. १९८० च्या दशकात मात्र त्याची संख्या एकदम वाढली, पाणीही बिघडत गेलं होतं, आणि सिक्लिडच्या दोनशेच्या आसपास जाती दिसेनाशा झाल्या. त्यातल्या काही आज प्राणिसंग्रहालयांच्या आणि हौशी लोकांच्या काचेच्या पेट्यांतच काय त्या जिवंत आहेत. म्हणजे बघा, पेटीतला मासा पाण्यात सोडण्याने नुकसान होतं, आणि पाण्यातला मासा पेटीत जपल्याने एखादी जात वाचते. दोन्ही खरं.

"पण बाई," तो म्हणाला, "माझा तर एकच आहे. त्याला पिल्लं कशी होतील?"

शाबास! मला हा प्रश्न फार आवडला. मी म्हटलं, एक तुझा. पण तुझ्यासारखाच विचार आणखी कुणीतरी केला तर? अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात ऑस्कर असेच कालव्यांत शिरले आणि आता तिथले रहिवासी होऊन बसले आहेत. शिवाय टँकमधल्या माशाबरोबर टँकमधला रोगही तळ्यात जातो. आणि तुझा ऑस्कर सुखात राहील म्हणतोस, तर त्याने आजवर काय खाल्लं आहे? बाबांच्या हातचे दाणे. तो माणूस दिसला की वर येऊन तोंड उघडतो. उजनीवर काठाशी बगळे उभे असतात, त्यांनाही तो तोंड उघडूनच भेटेल.

यावर तो गप्प झाला. मलाच वाईट वाटलं. थोडं जास्तच बोलले का, असं वाटून गेलं.

मग आम्ही वर्गात गणित मांडलं. टँक साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद, तीस उंच. गुणाकार चोपन्न हजार घनसेंटिमीटर, भागिले हजार, म्हणजे ५४ लिटर. पूर्ण वाढलेला ऑस्कर फूटभर होतो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. त्याला निदान १२० बाय ४५ बाय ४५ चा टँक हवा. करा हिशेब: २४३ लिटर! तेवढ्याच किलोचं नुसतं पाणी, वर काच आणि खडे. टेबलाचं काय होईल? पोरं खो-खो हसली. पण तो हिशेब त्या मुलाने वहीत उतरवून घरी नेला आणि संध्याकाळी त्याच्या बाबांचा मला फोन आला. भला माणूस. म्हणाले, "बाई, दुकानात हे कुणी बोललंच नाही. वाढत नाही म्हणाले, टँकच्या मापात राहतो म्हणाले." आईबाबांनो, हे वाक्य तुम्हालाही कुणी ऐकवेल. मासा टँकच्या मापात राहत नाही. खुरटतो, आजारी पडतो आणि लवकर मरतो. बोटाएवढा मासा घेताना तो केवढा होणार आणि किती वर्षं जगणार, हे दोन प्रश्न दुकानातच विचारा.

उजनीचा बेत रद्द झाला. शोधाशोध करायला तीन आठवडे गेले. तोवर आईने पेटी ठेवू दिली, आणि बाबा एक दिवसाआड तिसरा हिस्सा पाणी बदलत राहिले. शेवटी बारामतीत एक हौशी गृहस्थ सापडले, त्यांच्याकडे पाच फुटी टँक आहे. पाण्याने भरलेल्या मोठ्या झाकणाच्या बादलीत ऑस्करला बसवून, बादली मांडीत धरून, त्या मुलाने तो प्रवास केला. पहिले तीन दिवस मासा कोपऱ्यात पडून राहिला, दाण्याला तोंड लावीना. मुलगा रोज मला येऊन सांगायचा, "बाई, आजही नाही खाल्लं." चौथ्या दिवशी वर्गात शिरताच ओरडला, "खाल्लं!" मी हजेरी घेत होते. कुणालाच काही कळलं नाही, मला कळलं.

आता त्याच्या घरी ५४ लिटरचा टँक रिकामा आहे. म्हणजे मासा नाही. पाणी आहे, पंप चालू आहे. माशाच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी. तो पचवणारे जिवाणू खड्यांवर वाढायला चार-सहा आठवडे लागतात. मागच्या वेळी हे कुणाला ठाऊक नव्हतं. या वेळी तो रोज चिमूटभर दाणे रिकाम्या पाण्यात टाकतो, ते कुजतात आणि जिवाणूंना खाऊ मिळतो. राम घ्यायचा की शंखात राहणारा, हे अजून ठरलेलं नाही. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, तेव्हा माझं मत शंखवाल्याला आहे. रिकाम्या पाण्यात दाणे टाकणाऱ्या मुलाकडे बघून त्याची आजी विचारते, "अरे, कुणाला जेवू घालतोस?"